वर फेकलेला चेंडू: त्वरणापासून सुरुवात करा

गतीची तिन्ही समीकरणं तोंडपाठ असलेल्या मुलांचंही हे गणित चुकतं, आणि चुकतं ते बहुतेक वेळा चिन्हात. म्हणून आकडे मांडण्याआधी मी फळ्यावर वर जाणारा बाण काढते आणि त्याच्या टोकाशी अधिकचं चिन्ह लिहिते. मग चेंडू वर जात असो की खाली येत असो, गुरुत्वाचं त्वरण शेवटपर्यंत उणेच.

२५ मीटर उंच गच्चीच्या कडेवरून चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला. हवेचा अडथळा सोडून देऊ, गुरुत्वाचं त्वरण ९.८ ऐवजी १० धरू, वेळेला ट म्हणू.

त्वरण = −१०. इंटिग्रेशन (म्हणजे बदलाच्या दरावरून मूळ राशी काढणं) केलं की वेग = −१०ट + स्थिरांक. हा स्थिरांक लिहायला हमखास विसरलं जातं. चेंडू किती जोरात सुटला हे तोच सांगतो: ट = ० असताना वेग २०, म्हणून स्थिरांक २०. पुन्हा इंटिग्रेशन करा. या वेळचा स्थिरांक म्हणजे गच्चीची उंची:

उंची = २५ + २०ट − ५ट²

वेग शून्य कधी? ट = २ ला. तेव्हा उंची ४५ मीटर. तिथे त्वरणही शून्य होतं, असं पुष्कळांना वाटतं. वेगाचा आलेख काढून बघा: तिरकी सरळ रेषा २ पाशी अक्ष ओलांडून तशीच खाली जाते. चढ कुठेच बदलत नाही, म्हणजे त्वरणही बदलत नाही.

जमिनीवर उंची शून्य, म्हणून −५ ने भागलं की ट² − ४ट − ५ = ०. उत्तरं ५ आणि −१. मुलं लगेच −१ खोडतात, मी त्यांना थांबवते. ट = −१ ला वेग ३० येतो. म्हणजे एक सेकंद आधी कुणी जमिनीवरून ३० च्या वेगाने चेंडू फेकला असता, तर तो गच्चीपाशी नेमका २० च्या वेगाने पोचला असता. आपला चेंडू जमिनीवर आदळतो तोही ३० नेच, फक्त उणे. मला या गणितातली ही सगळ्यात आवडती जागा.

एकूण कापलेलं अंतर विचारलं तर सावध. वेगाचं ० ते ५ सरळ इंटिग्रेशन केलं तर −२५ येतं, ते विस्थापन, म्हणजे सुरुवातीच्या आणि शेवटच्या जागेतला फरक. अंतरासाठी २ पाशी तोडा: वर २०, खाली ४५, एकूण ६५ मीटर.

त्वरण वेळेनुसार बदलत असेल, समजा ६ट, तर पाठ केलेली समीकरणं लागू पडत नाहीत. पायऱ्या मात्र याच: वेग = ३ट² + सुरुवातीचा वेग, आणि त्याचं पुन्हा इंटिग्रेशन.