पाण्यातील शिसे आणि कॅडमिअम मोजणारा कार्बन नॅनोट्यूब संवेदक : तयारी, मापन आणि पडताळणी

पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकानुसार एक लिटर पाण्यात शिसे १० मायक्रोग्रॅमपेक्षा आणि कॅडमिअम ३ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. इतके अल्प प्रमाण मोजायला एरवी आयसीपी-एमएससारखे (प्लाझ्माच्या साहाय्याने धातूंचे अत्यल्प अंश मोजणारे) महागडे उपकरण लागते. परंतु पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडचा विद्युत विभव नियंत्रित करून प्रवाह मोजणारे उपकरण) असलेल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या), नॅफिऑन हे बहुवारिक आणि बिस्मथ हा धातू यांच्या संमिश्र थराचा संवेदक बनवून हे मोजमाप करता येते. मात्र या कामात नॅनोपदार्थाच्या नावीन्यापेक्षा स्वच्छता आणि पडताळणी यांनाच अधिक महत्त्व आहे, असे माझे ठाम मत आहे.

या पद्धतीला अ‍ॅनोडिक स्ट्रिपिंग व्होल्टमेट्री म्हणतात. आधी ऋण विभव (विद्युतदाब) देऊन पाण्यातील धातूचे आयन इलेक्ट्रोडवर धातुरूपात साठवले जातात आणि मग विभव वाढवत नेला की प्रत्येक धातू आपापल्या ठरावीक विभवाला पुन्हा विरघळतो व आलेखावर शिखर उमटते. पूर्वी यासाठी पाऱ्याचा थर वापरत. २००० साली जोसेफ वांग आणि सहकाऱ्यांनी त्याऐवजी बिस्मथचा थर वापरून दाखवला. बिस्मथ शिसे व कॅडमिअम यांच्याशी सहज मिश्रधातू बनवतो आणि पाऱ्याच्या तुलनेत कितीतरी कमी विषारी आहे. नॅनोट्यूबमुळे विद्युतवाहक पृष्ठभाग वाढतो, तर नॅफिऑन थराला घट्ट धरून ठेवते आणि त्यातील ऋणभारित सल्फोनेट गट धन आयनांना जवळ ओढतात.

बाजारातील बहुभित्तिक (एकात एक बसलेल्या अनेक भिंतींच्या) नॅनोट्यूबमध्ये लोह, निकेल किंवा कोबाल्ट यांचे उत्प्रेरक अंश राहिलेले असतात. ते काढण्यासाठी नॅनोट्यूब तीव्र सल्फ्युरिक व नायट्रिक आम्लाच्या ३ : १ मिश्रणात काही तास सोनिकेट करावेत (श्रवणातीत ध्वनिलहरींनी हलवावेत) आणि धुण्याचे पाणी उदासीन होईपर्यंत धुऊन वाळवावेत. यामुळे त्यांच्यावर कार्बॉक्सिल गटही तयार होतात व ते द्रावणात नीट पसरतात. हे काम धूरकक्षातच करावे आणि कोरडी भुकटी हाताळताना मुखपट्टी व हातमोजे कधीही टाळू नयेत. त्यानंतर ०.५ टक्के नॅफिऑनच्या इथेनॉलमधील द्रावणात दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम नॅनोट्यूब घेऊन मिश्रण एकजीव होईपर्यंत सोनिकेट करावे.

३ मिलिमीटर व्यासाचा ग्लासी कार्बन इलेक्ट्रोड आधी ०.३ व नंतर ०.०५ मायक्रॉन अ‍ॅल्युमिनाने आरशासारखा दिसेपर्यंत घासावा आणि पाण्यात सोनिकेट करावा. त्यावर ५ मायक्रोलिटरचा एकच थेंब ठेवून वर काचेचे भांडे उपडे घालावे, म्हणजे थेंब सावकाश वाळेल. घाईने वाळवल्यास कण काठाकडे सरकतात. मधला भाग चकाकतो आणि कडेला दाट काळे वलय उरते. असा थर पुसून पुन्हा घालावा. दुसरा थेंब देऊन थर जाड करण्याचा मोहही आवरावा, कारण जाड थरातून आयन सावकाश सरकतात आणि पार्श्वभूमीचा प्रवाह वाढतो.

नमुन्याच्या प्लास्टिक बाटल्या १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर भिजवून धुतलेल्या असाव्यात. विद्राव्य धातू मोजायचे असल्यास पाणी आधी ०.४५ मायक्रॉन गाळणीतून गाळावे आणि मगच नायट्रिक आम्लाने सामू २ च्या खाली आणावा. मोजताना ९ मिलिलिटर नमुन्यात ४.५ सामूचे १ मोलर अ‍ॅसिटेट बफर १ मिलिलिटर घालावे, सामू तपासून गरज असल्यास सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने सुधारावा आणि त्यानंतरच बिस्मथचे द्रावण बिस्मथ लिटरला सुमारे ५०० मायक्रोग्रॅम होईल इतके मिसळावे; मापनात हाच बिस्मथ शिसे व कॅडमिअमबरोबर इलेक्ट्रोडवर साठतो. हा क्रम बदलू नये, कारण अल्कधर्मी थेंबाच्या सान्निध्यात बिस्मथचा साका बसतो.

सिल्व्हर–सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत –१.२ व्होल्टवर, द्रावण ढवळत, १२० सेकंद निक्षेपण करावे, म्हणजे धातू इलेक्ट्रोडवर साठू द्यावेत. ढवळणे थांबवून १० सेकंद थांबावे आणि मग २५ हर्ट्‌झ वारंवारता, २५ मिलिव्होल्ट आयाम व ५ मिलिव्होल्ट पायरी ठेवून स्क्वेअर वेव्ह स्कॅन (चौकोनी स्पंदांनी विभव टप्प्याटप्प्याने वाढवत प्रवाहाची नोंद) घ्यावा. कॅडमिअमचे शिखर –०.८ व्होल्टच्या आणि शिशाचे –०.५५ व्होल्टच्या आसपास दिसते. प्रत्येक मापनानंतर +०.३ व्होल्टवर ३० सेकंद इलेक्ट्रोड स्वच्छ करावा.

नमुन्याआधी शुद्ध पाण्याचा कोरा प्रयोग अनिवार्य समजावा. बफरच्या रसायनांतच शिशाचा अंश असू शकतो आणि तो लक्षात आला नाही तर निर्दोष विहीर दूषित ठरते. प्रमाण काढताना शुद्ध पाण्यात आखलेल्या अंशांकन रेषेवर विसंबू नये. नमुन्यातच ज्ञात प्रमाण मिसळत जावे. समजा, कोऱ्या प्रयोगाचे शिखर वजा केल्यावर नमुन्याचे शिखर ०.६० मायक्रोअँपिअर आले. १० मिलिलिटर द्रावणात लिटरला १ मिलिग्रॅम शिशाचे प्रमाणित द्रावण ५० मायक्रोलिटर घातले, म्हणजे प्रमाण लिटरला ५ मायक्रोग्रॅमने वाढले, आणि शिखर १.१० झाले, तर द्रावणात मुळात लिटरला ६ मायक्रोग्रॅम शिसे होते. विरलन लक्षात घेऊन त्याला १० भागिले ९ ने गुणल्यास पाण्यातील प्रमाण लिटरला सुमारे ६.७ मायक्रोग्रॅम येते. प्रत्यक्षात असे किमान तीन वेळा मिसळून रेषा सरळ येते का, हे पाहावे.

तांबे अधिक असलेल्या पाण्यात ते बिस्मथशी स्पर्धा करते आणि शिखरे खुजी होतात. अशा वेळी थोडे फेरोसायनाइड घालून तांबे बांधून ठेवता येते. सेंद्रिय द्रव्य अधिक असल्यास नमुन्याचे आधी आम्ल किंवा अतिनील किरणांनी पचन करावे, म्हणजे ते द्रव्य विघटित करावे. आर्सेनिक व पारा यांच्यासाठी हा इलेक्ट्रोड वापरू नये, त्यांना सोन्याचा पृष्ठभाग लागतो. मानकाच्या मर्यादेलगतचा आकडा कोणालाही कळवण्यापूर्वी त्याच नमुन्याची जपून ठेवलेली दुसरी बाटली आयसीपी-एमएस तपासणीसाठी पाठवावी.