जुन्या वाड्यावरचा स्टुडिओ : या चुका टाळा

पुण्याच्या पेठांमधील एखादा वाडा निवडून त्याचे जतन आणि पुनर्वापर सुचवायचा, हा वास्तुकला महाविद्यालयांमधील स्टुडिओचा, म्हणजे आराखडे करून शिकण्याच्या विषयाचा, आवडता प्रकल्प आहे. ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर आराखडे मांडण्याच्या, दिवशी मात्र जतन एका शीटवर आणि शाश्वतता दुसऱ्या शीटवर, असा प्रकार वारंवार दिसतो. त्याचे मूळ संकल्पनेत कमी आणि पहिल्या आठवड्यात घाईने घेतलेल्या मापांमध्ये अधिक असते.

वाड्याच्या खोल्या काटेकोर काटकोनात क्वचितच असतात. केवळ लांबी-रुंदी मोजून संगणकावर आयत काढले की चार खोल्या जोडताना नकाशा जुळत नाही, आणि उरलेली तफावत मुकाट्याने भिंतीच्या जाडीत मुरवली जाते. पुढे त्याच खोट्या जाडीवर उष्णतेचे गणित मांडले जाते. म्हणून प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजावेत, टेप न उचलता एकाच टोकापासून सलग मापे घ्यावीत आणि भिंतीची जाडी दारा-खिडकीपाशी प्रत्यक्ष पाहावी. एवढे करूनही नकाशा जुळला नाही, तर तो ओढूनताणून जुळवण्याऐवजी ओळंबा लावावा. भिंत फुगलेली किंवा झुकलेली असेल, तर ती तफावत ही नुकसानीचीच नोंद ठरते. लाकडी खांबांच्या बाबतीत तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, उघडा आहे की वेळोवेळी चढवलेल्या फरशीखाली गाडला गेला आहे, हे आवर्जून तपासावे, कारण जमिनीच्या ओलीपासून लाकूड दूर ठेवणारा तो दगड बुजला की खांब बुडातून कुजू लागतो. कोरीव गणेशपट्टीचे छायाचित्र प्रत्येक गटाकडे असते, खांबाच्या बुडाचे एखाद्याकडेच.

दुसरी चूक ओलीच्या निदानाची. जोत्यालगत आडवा पट्टा दिसत असेल, तर पाणी जमिनीतून चढत असण्याची शक्यता अधिक असते. वरच्या कोपऱ्यातील डाग पन्हळीकडे, फुटक्या कौलांकडे किंवा नंतर बांधलेल्या न्हाणीघराच्या नळाकडे बोट दाखवतो. कारण न शोधता भिंतीला सिमेंटचा गिलावा सुचवणे घातक ठरते. विटा, माती आणि चुना यांची भिंत ओल शोषते आणि सोडते. सिमेंटमुळे तिची ही वाट बंद झाली की पाणी आणखी वर चढते, त्यात विरघळलेले क्षार पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन साचतात, गिलाव्याचे पोपडे निघतात आणि आतल्या विटेचा भुगा होतो. शीटवर ‘चुन्याचा गिलावा’ एवढेच लिहून भागत नाही. कोणता चुना, वाळूचे प्रमाण किती, किती थर आणि दोन थरांमध्ये किती अवधी, हे चुन्यात काम केलेल्या गवंड्याला विचारून लिहावे, कारण कळीचा चुना भिजवून तयार करण्यापासून तो हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होईपर्यंत लागणारा वेळ कामाचे सगळे वेळापत्रक बदलून टाकतो.

शाश्वततेच्या नावाखाली सर्वांत जास्त अन्याय चौकावर, म्हणजे वाड्याच्या मधल्या उघड्या अंगणावर, होतो. चौकावर काचेचे किंवा पॉलिकार्बोनेटचे छप्पर घालून खाली कॅफे दाखवणारे प्रस्ताव देखणे दिसतात. परंतु ज्या मोकळ्या जागेतून तापलेली हवा वर निघून जाते आणि रात्री फरशी थंड होते, तीच झाकली की उन्हाळ्यात तेथे पंखे, मग वातानुकूलन आणि मग त्यासाठी छपरावर सौर पॅनेल, अशी साखळी सुरू होते. आधी चौक उघडा असताना आणि सोप्यात (ओसरीत), माजघरात सावली असताना तापमान कसे बदलते, याच्या नोंदी मे महिन्यात सकाळी, भर दुपारी आणि रात्री घ्याव्यात. पाण्याचेही तसेच. पेशवाईत कात्रजहून जमिनीखालून आणलेले पाणी पेठांमधील हौदांत खेळवले होते. आपल्या वाड्यात हौद किंवा आड आहे का, हे न पाहता आवारात नवी टाकी खोदण्याचा आराखडा देऊ नये. शिवाय फक्त दर्शनी भिंत ठेवून मागे नवी काँक्रीटची इमारत उभारणाऱ्याने जुन्या विटा आणि सागवान घडवताना खर्ची पडलेली ऊर्जा, तसेच नव्या सिमेंटचा कार्बन, हिशोबात धरलाच पाहिजे.

कायद्याची पडताळणी पहिल्याच आठवड्यात करावी. केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढील 200 मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. त्यामुळे शनिवारवाड्याच्या आसपासची जागा निवडणाऱ्या गटाने आपला भूखंड नेमका कोठे येतो, हे मोजूनच पुढे जावे.

भाडेकरूंचा प्रश्न मात्र ज्युरीच्या आदल्या रात्री आठवतो. नाममात्र भाड्यात दुरुस्ती परवडत नाही म्हणून मालक हात आखडता घेतो, आणि हक्क जाईल या धास्तीने भाडेकरू जागा सोडत नाही. अशा वाड्याचे थेट संग्रहालय करून टाकणारा प्रस्ताव ही कोंडी सोडवत नाही, तिच्याकडे पाठ फिरवतो. कोणत्या खणात (दोन खांबांमधल्या भागात) कोण राहते, पाणी आणि शौचालय कोणात सामाईक आहे, दुरुस्तीच्या काळात ही कुटुंबे कोठे राहतील आणि कोणता भाग आधी हाती घेतला तर कोणालाही बाहेर काढावे लागणार नाही, याचा टप्पेवार नकाशा मोजणीच्या नकाशासोबतच काढायला घ्यावा.