स्ट्रिंग झाली, पण कशाची?

नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत एम्बेडेडच्या कामाला नुकतेच लागलेल्यांसाठी हे लिहितोय. सी येतं, पॉइंटर कळतात, असं धरून चालतो. बोर्ड सुरू होताना सिरियल पोर्टवर बॉड रेट (म्हणजे पोर्टचा वेग) किंवा फर्मवेअरची आवृत्ती छापायला सांगतातच. ती किंमत मॅक्रोत असते आणि हवी असते स्ट्रिंग. (कोड इथे देवनागरीत लिहिलाय, फाइलमध्ये इंग्रजीतच लिहा.)

#डिफाइन बॉड ९६००
#डिफाइन स्ट्र(क) #क

# म्हणजे पुढच्याची स्ट्रिंग कर. मग स्ट्र(बॉड) लिहिलं की "९६००" मिळेल असं कुणालाही वाटेल. मिळतं "बॉड". एरर नाही, वॉर्निंग नाही; कंपायलरच्या लेखी ती धडधाकट स्ट्रिंग आहे. मी यात अडकलो तेव्हा मेकफाइल उलटीपालटी केली, क्लीन बिल्ड मारत बसलो. शेवटी सीनियर म्हणाला, "अजून एक मॅक्रो गुंडाळ, चालतं." चाललं. का चाललं ते मात्र सांगितलं नाही. असल्या गुरूंपासून चार हात लांब राहा.

कारण असं. मॅक्रोला दिलेलं आर्ग्युमेंट प्रीप्रोसेसर (कंपाइलच्या आधीची पायरी) एरवी आधी पूर्ण उलगडतो, म्हणजे मॅक्रोच्या जागी त्याची किंमत ठेवतो, आणि मग आत बसवतो. पण पॅरामीटरच्या आधी # असेल (किंवा दोन तुकडे जोडणारं ## शेजारी असेल), तर उलगडत नाही. तुम्ही टाइप केलेली अक्षरं जशीच्या तशी अवतरणात टाकतो. नंतर तो निकाल पुन्हा वाचतो खरा, पण तोवर बॉड अवतरणात गेलेला असतो आणि स्ट्रिंगच्या पोटात प्रीप्रोसेसर बघत नाही. म्हणून मधे एक पायरी लागते:

#डिफाइन एक्सस्ट्र(क) स्ट्र(क)

इथे क च्या आधी # नाही. म्हणजे बॉडचे आधी ९६०० होतात, मग स्ट्र(९६००) तयार होतं, आणि मग "९६००". नावं उलटसुलट करू नका; # असलेला मॅक्रो आतलाच हवा.

हे जुगाड वाटून बिचकू नका. # हा ऑपरेटर सी भाषेच्या १९८९ च्या आन्सी प्रमाणातला आहे आणि लिनक्स कर्नलच्या स्ट्रिंगिफाय हेडरमध्येही अशाच दोन पायऱ्या आहेत. शेजारशेजारच्या स्ट्रिंग कंपायलर आपोआप जोडतो, त्यामुळे "रेट: " एक्सस्ट्र(बॉड) एवढं पुरतं. स्प्रिंटएफ कशाला?

तरी सावध. हेडर इन्क्लूड करायचं राहिलं, तर दोन पायऱ्या असूनही गुपचूप "बॉड"च छापलं जाईल. त्यासाठी वर #इफएनडेफ आणि #एरर टाकाच, म्हणजे बॉड नसेल तर बिल्डच थांबेल; आळस नको. एनमची किंमत अशी मिळणारच नाही, प्रीप्रोसेसरला एनम माहीत नसतो. (४८००*२) दिलंत तर तेच छापलं जाईल, गुणाकार होणार नाही.

शंका आली की जीसीसी कंपायलरला -ई (कॅपिटल ई) देऊन प्रीप्रोसेसरचं आउटपुट बघा. हेडरांच्या शेकडो ओळी अंगावर येतील. सरळ तळाशी जा, तुमचा कोड तिथे असतो.