नाशिकहून दुबईला नोकरी शोधायला जाताय? आधी हे उरकून घ्या

सातपूर-अंबडला थोडा एक्सपिरियन्स झाला की बरीच पोरं म्हणतात दुबई ट्राय करू, करा की, जरूर करा, फक्त तिथला एकेक दिवस खिसा रिकामा करतो हे ध्यानात ठेवा आणि जे काम नाशिकमधे बसून होतंय ते तिथे जाईपर्यंत लांबवू नका.

पहिलं काम डिग्रीचं अटेस्टेशन, म्हणजे ती खरी असल्याचे सरकारी शिक्के. आधी मुंबईला मंत्रालय, मग परराष्ट्र खातं, मग युएईची वकिलात, यात बराच वेळ जातो आणि तेवढा काळ ओरिजिनल सर्टिफिकेट हातात नसतं, म्हणून ऑफर आल्यावर घरच्यांना पळवण्यापेक्षा निघायच्या आधीच करून टाका. एजंटमार्फत जाणार असाल तर तो ई-मायग्रेट या भारत सरकारच्या पोर्टलवर रजिस्टर आहे का ते स्वतः बघा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

व्हिजिट व्हिसा ३० किंवा ६० दिवसांचा मिळतो. शिक्षणाच्या अटीत बसत असाल तर जॉब सीकर व्हिसा बघा, तो ६०, ९० किंवा १२० दिवसांचा असतो. मुदत संपून राहिलात तर दिवसाला ५० दिरहम दंड. आणि व्हिजिटवर असताना कोणी "चार दिवस ट्रायलला या" म्हटलं तरी जायचं नाही, वर्क परमिटशिवाय काम करणं तिथे बेकायदा आहे.

जायचं तर थंडीत जा. आपल्याकडे एप्रिलमधे चाळीस होतं पण ते कोरडं ऊन, दुबईला समुद्राची दमट हवा, जुलै-ऑगस्टमधे एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफच धरते आणि इंटरव्ह्यूचा शर्ट मेट्रो स्टेशनपर्यंत जाईस्तोवर अंगाला चिकटतो. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की लोक गिझर बंद ठेवतात आणि गरम नळाचं, म्हणजे गिझरमधे निवलेलं पाणी अंघोळीला घेतात. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातल्या कामाला सरकारचीच बंदी असते, तुम्हीही त्या वेळात सीव्ही वाटत फिरू नका, सकाळी लवकर निघा.

राहायला बेडस्पेस, म्हणजे शेअरिंगच्या खोलीत एक बेड घ्या, करामा, बर दुबई, देरा इकडे आपली माणसं आणि आपलं जेवण दोन्ही मिळतं. शारजा स्वस्त आहे पण मेट्रो नाही आणि सकाळचं ट्रॅफिक भयंकर, इंटरव्ह्यू दुबईत असतील तर ती बचत परवडत नाही. उतरल्या उतरल्या नोल कार्ड (मेट्रो-बसचं कार्ड) आणि लोकल सिम घ्या, सीव्हीवर तोच नंबर टाका, भारताच्या नंबरवर एचआर सहसा फोन करत नाही. व्हॉट्सअॅपवर मेसेज जातात पण कॉल लागत नाही, त्यामुळे आईच्या फोनमधे बोटिम हे कॉलिंगचं अॅप आधीच टाकून, वापरायला शिकवून ठेवा.

बॅग भरताना खसखस अजिबात नको, युएईत बंदी आहे! घरच्या काळ्या मसाल्यात असते, अनारशाला असते, त्यामुळे आईला तुमचा मसाला खसखस न घालता वेगळा करायला सांगा. कोडीनवालं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामक गोळी हेपण परवानगीशिवाय नेऊ नका.

ऑफर आली की तिथल्या कामगार मंत्रालयाची अधिकृत ऑफर मागा, त्यातला बेसिक पगार आणि भत्ते वेगवेगळे वाचा कारण ग्रॅच्युइटी बेसिकवर निघते. व्हिसा आणि परमिटचा खर्च कायद्याने कंपनीचा असतो, कोणी तुमच्याकडे मागितला तर पैसे देऊ नका, पुढचा इंटरव्ह्यू बघा.