इंग्रजी बोलायचंय? आधी फोनला ऐकवा

घरी तेलुगू, गल्लीत कन्नड आणि शाळेत मराठी सहज बोलणारं सोलापुरी पोरगं पाहुण्यांनी ‘इंग्लिशमध्ये बोल बघू’ म्हटलं की गप्प होतं. त्यापेक्षा फोन त्याच्या हातात द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःच्याच नंबरला मेसेज करता येतो. तिथला माइक दाबून वर सरकवला की लॉक होतो, बोट धरून ठेवावं लागत नाही. अर्धा मिनिट पुरे. विषय घरातलाच घ्या: आई शेंगाचटणी कशी कुटते, गड्ड्याच्या जत्रेत कुठल्या पाळण्यात बसलो. ‘माय सेल्फ’ नको, ते पोरं झोपेतही म्हणतात!

पाठवण्याआधी त्यानंच ऐकायचं, नाही पटलं तर पुसून पुन्हा बोलायचं. आपण एका वेळी एकच चूक सांगायची, शक्यतो क्रियापदाची: ‘आय गो यस्टर्डे’ऐवजी ‘आय वेन्ट यस्टर्डे’.

उच्चारांसाठी कीबोर्डवरचा, बोललेलं टाइप करणारा माइक वापरा, भाषा भारतीय इंग्लिश ठेवा. ‘शिप’ म्हणताना ‘शीप’ उमटलं, की पोरगं स्वतःच हसतं आणि परत म्हणतं. पण एकेकटा शब्द फोनला नीट कळत नाही, म्हणून पूर्ण वाक्य बोलायला लावा. ‘सिद्धेश्वर’ किंवा ‘अक्कलकोट’चं फोननं काहीही केलं, तर तो दोष फोनचाच.