गणिताच्या तासाला गट करताय? या चुका टाळा

चार बाकं जोडली, मधे एक कागद ठेवला की गटकार्य झालं, असं समजणारे शिक्षक मला दर वर्षी भेटतात. सगळ्यात मोठी चूक तीच. मीही ती केली आहे.

अपूर्णांकांची बेरीज चालू होती. एका गटाची दहाच्या दहा उदाहरणं बरोबर आली, म्हणून मी पुढे सरकले. दोन दिवसांनी प्रत्येकाला स्वतंत्रपणे १/२ + १/३ करायला दिलं. त्याच गटातल्या तिघांनी उत्तर लिहिलं २/५. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. मग डोळ्यांसमोर आलं, की त्या दिवशी पेन्सिल पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच मुलाच्या हातात होती. समोरच्या मुलीला कागद उलटा दिसत होता आणि ती त्याच्या कडेला फुलं काढत बसली होती. तिचा काय दोष?

तेव्हापासून माझ्या वर्गात ज्याला उत्तर येतं त्याच्या हातात पेन्सिल नसते. तो सांगतो, दुसरा लिहितो. शेवटी फळ्यावर कोण येणार ते चिठ्ठी काढून ठरतं. नाव निघालेल्याला ‘छेद सारखे का केले?’ हे सांगता आलं नाही, तर गुण कापत नाही, गटाला परत बसवते. डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ भावांनी सहकारी अध्ययनाच्या, म्हणजे गटात एकमेकांच्या साथीनं शिकण्याच्या, पाच अटी सांगितल्या. त्यांतली परस्परावलंबनाची, म्हणजे एकमेकांशिवाय काम पुरं होऊ नये ही, अट सगळ्यांना पाठ असते; वैयक्तिक जबाबदारीची, म्हणजे प्रत्येकाला ते स्वतःला यायला हवं ही, मात्र सोयीस्कर विसरली जाते.

हुशार मुलाला कायमचा गटप्रमुख करू नका. वर्ग पटकन शांत होतो खरा, पण बाकीचे विचार करणं सोडून देतात.

सहा जणांचा गट नको. तीन किंवा चार पुरेत.

एकाच साच्याची वीस उदाहरणं गटाला देऊ नका, ती ज्याची त्यानं करावीत. गटाला बोलायला लावणारा प्रश्न हवा. मी विचारते: परिमिती २४ सेंमी आणि बाजू पूर्ण सेंमीत असलेले आयत किती? सर्वांत मोठं क्षेत्रफळ कोणाचं? कोणी ११ × १ मांडतं, कोणी ८ × ४. मग ६ × ६ चा चौरस आयत धरायचा की नाही यावर खरा वाद पेटतो. तो मिटवायला धावू नका. धरायचाच, पण का, हे त्यांना व्याख्येतून शोधू द्या.

नवीन शिक्षकांची घाई मला फार खुपते. तीन तास करून ‘नुसता गोंधळ होतो’ म्हणत बाकं पुन्हा सरळ करतात. मुलांना एकमेकांचं ऐकायची सवय लागायला माझ्या वर्गात दीड-दोन महिने जातात. तोवर हात वर आला की मी एवढंच विचारते, ‘गटातल्या सगळ्यांना विचारलंस?’ बहुतेक वेळा हात खाली जातो आणि मान शेजाऱ्याकडे वळते.