काताचा रंग धुण्यात उतरत होता, तो असा टिकला

कातात रंगवलेला सुती पंचा पहिल्याच धुण्यात फिका पडायचा. मीठ, व्हिनेगर, जास्त कात, कशाचाच उपयोग नाही. वैताग आला होता.

कात चिपळूणकडचाच, खैराचा. आधी धुण्याच्या सोड्यात पंचा उकळून खळ काढली. 100 ग्रॅम कापडाला 20 ग्रॅम कात कुटून उकळत्या पाण्यात विरघळवला (गार पाण्यात नीट विरघळत नाही) आणि गाळला. तळाला माती बसली तर भेसळ समजा. त्या पाण्यात पंचा बुडवून स्टीलच्या पातेल्यात तासभर मंद आचेवर ठेवला, त्यातच निवू दिला. मग पिळून, न धुता, 2 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) घातलेल्या कोमट पाण्यात 20 मिनिटं. तांबूस पंचा तिथेच गडद तपकिरी होत गेला. सावलीत वाळवून दुसऱ्या दिवशी साबणाने धुतला; पाणी जवळजवळ स्वच्छ निघालं.

लोखंडी कढई नको, रंग काळवंडतो. मोरचूद विषारी आहे: हातमोजे घाला, बादली वेगळी ठेवा, उरलेलं पाणी विहिरीजवळ ओतू नका.